जोडी सोडायची नाही

१

सहल म्हणजे मुलांची मजा आणि बाईंची परीक्षा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. "यंदा तिसरीला मुलांच्या इतिहासाचं ते संग्रहालय दाखवू या," एवढं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. बस ठरवणं, पालकांना चिठ्ठ्या पाठवणं, बसमध्ये उलटी होणाऱ्यांसाठी पिशव्या जमवणं, हे सगळं माझ्या गळ्यात पडलं.

मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या वर्गाला वळण आहे, कारण माझे नियम थोडे आहेत आणि मी ते बदलत नाही. दोन टाळ्या वाजल्या की तोंड बंद आणि नजर माझ्याकडे. त्यानंतर मी जे पहिलं वाक्य बोलेन, तो हुकूम. शाळेबाहेर पडलं की जोडी करायची, आणि बाई सांगेपर्यंत जोडी सोडायची नाही. ज्याला जोडी नाही, त्याने बाईंचा हात धरायचा. हा शेवटचा नियम मुलं पाढ्यासारखा एका सुरात म्हणतात.

आमच्या वर्गाचा आकडा विषम आहे, त्यामुळे एक जण नेहमी उरतो. तो एक जण म्हणजे वर्षभर माझीच मुलगी. घरी आम्ही तिला बिट्टी म्हणतो. शाळेच्या फाटकात शिरताना ती मला 'बाई' म्हणायला लागते आणि बाहेर पडताना पुन्हा 'आई'. पण मुलं काय ते ओळखून असतात. बाईंच्या मुलीच्या कानात गुपित सांगितलं तर ते थेट बाईंच्या स्वयंपाकघरात पोहोचणार, अशी त्यांची खात्री. म्हणून तिच्याशी कोणी भांडतही नाही आणि तिच्याशेजारी कोणी बसतही नाही.

मी एका शब्दाने सांगितलं असतं तर जोडी झाली असती. पण पक्षपात नको म्हणून मी तो शब्द कधी उच्चारला नाही, आणि याचा मला थोडा अभिमानच होता.

मी एकटी आधी संग्रहालय बघून येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी बिट्टीने केस विंचरून घेता घेता विचारलं, "आई, सहलीला तरी मला जोडी मिळेल का गं? तुझा हात धरला की सगळी हसतात."

"बघू," मी म्हटलं. आयांचं हे आवडतं उत्तर.

२

सहलीआधी जागा स्वतः पाहून यायची ही माझी शिस्त. जिना किती अरुंद आहे, पाणी कुठे आहे, कोणतं मूल कशात बोट घालेल, हे आधी कळलेलं बरं.

संग्रहालय दोन दुकानांच्या मधे अंग चोरून उभं होतं. दुपार होती. दार उघडलं ते एका वयस्कर गृहस्थांनी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव किल्लीकाका ठेवलं. खाली खेळणी, पाळणे, औषध पाजायचे बारीक चमचे, झिजलेल्या टाचांचे छोटे बूट. जिन्याच्या वळणावर काचेचं उंच कपाट आणि त्यात जुने शाळेचे कपडे टांगलेले. वर एकच मोठी खोली.

"हा आमचा जुना वर्ग," काका म्हणाले. "मुलांना इथे बसू देतो. पाटीवर लिहूही देतो. त्यांना हेच सगळ्यात आवडतं."

दोघादोघांची लाकडी बाकं होती, तीन पायांच्या घोडीवर फळा होता, आणि भिंतीवर एक नकाशा होता ज्यातले सगळे देश उन्हाने एकाच रंगाचे झाले होते. लाकडाचा आणि खडूचा वास येत होता. मला तिथे एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

"बाकं कुठून मिळवलीत?"

"जिथल्या शाळा बंद पडल्या तिथून," ते म्हणाले आणि खाली घंटा वाजली म्हणून उतरून गेले. जिन्यातून त्यांच्या किल्ल्यांचा आवाज खाली खाली जात राहिला.

मी खिडकीकडे वळले. खिडकीची खिटी बघणं हे पहिलं काम, कारण तिसरीतल्या मुलांना खिटीचं भारी आकर्षण. खिटी गंजलेली होती. मी ती वरखाली करून बघत होते आणि मागे गोंगाट वाढत चालला होता. आधी कुजबुज, मग खिदळणं, मग कोणीतरी पाटीवर पेन्सिल कर्रकन ओढली. काम चालू असताना असला गोंगाट मला ऐकूसुद्धा येत नाही. पण फारच झालं, तेव्हा मी मागे न बघता दोन टाळ्या वाजवल्या.

गोंगाट थांबला.

मी खिटी नीट बसवली, हात झटकले, वळले, आणि मगच माझ्या लक्षात आलं की खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

३

कारणं शोधायला माणसाला वेळ लागत नाही. शेजारच्या दुकानात कसलं तरी यंत्र चालत असेल, ते नेमकं तेव्हाच बंद झालं. रस्त्यावरून दुसरी शाळा चालली असेल. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर कान आपला आपणच गोंगाट तयार करत असतील. तीन कारणं झाली, आणि तिन्ही शहाण्या माणसाला पटण्यासारखी.

तरी मी जागची हलले नाही. टाळी वाजवून वर्ग गप्प केला की एक विशिष्ट शांतता होते. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी आणि ही वेगळी. ही तुमच्या तोंडाकडे बघत असते.

तेवढ्यात फोन वाजला आणि मला हायसं वाटलं. बिट्टी होती, बाबाच्या फोनवरून.

"आई, विचारलंस का कोणाला? माझ्या जोडीचं?"

मी बाकांकडे तोंड करून उभी होते. आणि वर्गापुढे उभी राहिले की माझा आवाज आपोआप वर्गाचा होतो. शिवाय भीती वाटली की मी थट्टा करते, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी हसून मोठ्याने म्हटलं, "चला, आमच्या बिट्टीला जोडी हवी आहे. कोण होणार तिची जोडी?"

फोनमध्ये बिट्टी खुदकन हसली.

तिसऱ्या रांगेतलं एक बाक कुरकुरलं. भिंतीकडच्या बाजूला बसलेलं मूल उभं राहण्यासाठी कडेला सरकतं, तेव्हा बाक जसं कुरकुरतं, तसं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"आई," बिट्टी म्हणाली, "तिकडे 'मी' कोण म्हणालं?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. "इथले काका असतील," मी म्हटलं, पर्स उचलली आणि जिना उतरले. काका खाली फाटकाशी कोणा माणसाशी बोलत उभे होते. मी त्यांचा निरोप घेतला आणि रस्त्यावरच्या गर्दीत शिरले. वर्गाला 'बसा' म्हणायचं राहून गेलं, हे मला बसथांब्यावर आठवलं आणि माझं मलाच हसू आलं. कोणाला म्हणणार होते?

४

घरी पोहोचले तर बिट्टी एकदम खुशीत. सोफ्याच्या अगदी कडेला टेकून बसली होती आणि शेजारी भरपूर जागा सोडलेली.

"मला जोडी मिळाली."

"अरे वा! कोण?"

"असं काय करतेस? तूच तर लावून दिलीस."

लहान मुलांना काल्पनिक मित्र असतात. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय, काळजीचं कारण नसतं, उलट अशी मुलं हुशार निघतात. बिट्टीच्या बाबालाही मी विचारलं. तो म्हणाला, "माझाही होता की एक. रोज माझा डबा खायचा."

"खरंच डबा संपायचा?"

"मीच खायचो गं. पण शिव्या त्याला बसायच्या."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं, बिट्टी चालताना उजवा हात अंगापासून जरा लांब धरत होती. मूठ अर्धी मिटलेली. दारातून जाताना थांबायची, जरा तिरकी व्हायची, मग जायची. डाव्या हाताने पाणी प्यायला लागली. वर्गात डाव्या हाताने लिहायला लागली, आणि अक्षर पार कावळ्याचे पाय. मी रागावले तर म्हणाली, "बाई, जोडी सोडायची नाही ना?"

नियम माझाच.

आंघोळीच्या वेळी मी तो हात जबरदस्तीने हातात घेतला. तळवा गार होता आणि पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला. बोटांच्या बेचक्यांत पांढरी पूड होती, आणि बोटांना चिकटून ती माझ्याही हाताला लागली. खडूच होता. पण शाळेत हल्ली खडू नसतो, फळ्यावर आम्ही मार्करने लिहितो.

"दुखतंय का गं?"

"दुखत नाही. ती घट्ट धरते फक्त." मग जरा विचार करून तिने विचारलं, "आई, सहल झाली की ती आपल्याकडे येणार, की मी तिच्याकडे जायचं?"

मी तिला ओल्या अंगानेच जवळ ओढलं. ती डाव्या हाताने मला बिलगली. उजवा हात तसाच बाजूला राहिला.

५

मी मोठ्या बाईंकडे गेले. सहल दुसरीकडे नेऊ या म्हटलं, जिना अरुंद आहे, खिट्या गंजल्यात.

"अहो, तुम्हीच तर सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलंत," त्या म्हणाल्या. "बस ठरली, पालकांना कळवून झालं. आता काय, तुम्हाला जिन्याची भीती वाटते म्हणून रद्द करू?"

खरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण ती गोष्ट त्या टेबलापाशी सांगण्यासारखी नव्हती. बिट्टीला घरी ठेवावं असंही मनात आलं. नुसतं सुचवलं, तर ती ओरडायची थांबेना. उजवा हात खांद्यातून ओढला गेल्यासारखा ताणला गेला होता आणि ती म्हणत होती, "मी नाही गं ओढत, मी नाही ओढत!" तिच्या बाबाचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतर त्याने डब्याचा विनोद पुन्हा केला नाही.

तो बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात बिट्टीसमोर उभी राहिले. मनात म्हटलं, वेडेपणा तर वेडेपणा. दोन टाळ्या वाजवल्या. बिट्टी गप्प झाली.

"जोड्या सोडा," मी म्हटलं.

बिट्टीने शेजारी मान वळवली, ऐकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. तिलाही आता पुरे झालं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"ती म्हणते, हे घर आहे. बाईंनी वर्गात सांगायचं असतं. सगळ्यांसमोर."

म्हणजे जावंच लागणार होतं.

६

सहलीच्या दिवशी वर्गातल्या एका मुलीला ताप आला. तिची जोडीदार आमच्या वर्गातली बडबडी, जिला सगळे रेडिओ म्हणतात. ती एकटी उरली. मी बिट्टीकडे बघितलं, पण बिट्टीने मान हलवली. तिला जोडी होती. मग नियमाप्रमाणे रेडिओ माझा हात धरून चालू लागली आणि बसपासून संग्रहालयाच्या दारापर्यंत तिने श्वाससुद्धा घेतला नाही.

"बाई, तिकडे खरे कपडे आहेत का मेलेल्या मुलांचे? माझा दादा म्हणतो असतात. बाई, बिट्टी असा हात का धरते? तिचं मनगट मोडलंय का? मी आधी तिच्याशेजारी बसणार होते, पण सगळे म्हणाले ती तुम्हाला सांगते. ती सांगते का हो?"

"नाही सांगत," मी म्हटलं. "कधीच काही सांगत नाही."

"मग मी बसले असते की," रेडिओ म्हणाली.

मला तिथल्या तिथे रडू आलं असतं. पण पुढे जिना होता.

वर्गात मुलं धडाधडा बाकांवर जाऊन बसली. पाट्या, पेन्सिली, हा माझा, तो तुझा. किल्लीकाका दाराशी हात बांधून कौतुकाने बघत होते. तिसऱ्या रांगेत एक बाक कोणी घेतलं नव्हतं. मुलं त्याला वळसा घालून जात होती, आणि का ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बिट्टी सरळ तिथे गेली आणि अलीकडच्या कडेला बसली. भिंतीकडची जागा तिने सोडली. तिचे ओठ निळसर दिसत होते.

मी फळ्यापुढे उभी राहिले. रेडिओचा हात क्षणभर सोडला आणि दोन टाळ्या वाजवल्या.

माझा वर्ग गप्प झाला. आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी गप्प झालं. काकांनी छताकडे बघितलं आणि बांधलेले हात सोडले.

"जोड्या सोडा," मी म्हटलं. आवाज कापला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. जोड्या तर कधीच सुटल्या होत्या. फक्त बिट्टीचा उजवा हात बाकावर तसाच होता, मूठ अर्धी मिटलेली. ती शेजारी वाकली. मग उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तशी.

"बाई," ती म्हणाली, "ती विचारतेय, मग मी कोणाचा हात धरू?"

उत्तर मला माहीत होतं. ते देऊ नये एवढंही कळत होतं. एखादं वेगळं वाक्य शोधायला मला थोडा वेळ हवा होता. पण प्रश्न वर्गात विचारला गेला होता आणि माझ्या वर्गाला वळण आहे. सगळी मुलं पाढा म्हणावा तशी एका सुरात म्हणाली, "ज्याला जोडी नाही, त्याने बाईंचा हात धरायचा!"

आवाज माझ्या मुलांपेक्षा मोठा होता.

मी बिट्टीच्या निळ्या ओठांकडे बघितलं. रेडिओला खांद्याला धरून तिसऱ्या रांगेत नेलं आणि जो शब्द वर्षभर उच्चारला नव्हता तो उच्चारला. "ही आजपासून तुझी जोडी. बिट्टी, तुझी जोडी हिच्याशी." मग माझा उजवा हात भिंतीकडच्या रिकाम्या जागेपुढे धरला. "बरोबर आहे. ज्याला जोडी नाही, त्याने माझा हात धरायचा."

बाक कुरकुरलं. बिट्टीची बोटं एकेक करून उघडली. रेडिओने ती लगेच पकडली आणि म्हणाली, "ई, किती गार!" आणि दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागली.

७

जिना उतरताना वळणावरच्या कपाटाच्या काचेत आमची रांग दिसली. मी बघणार नव्हते. माझ्या कोपराच्या खाली एक भांग दिसला. पाणी लावून चापून विंचरलेले केस, मधोमध सरळ भांग, कोणाच्या तरी आईने फार काळजीने पाडलेला. मान वर होऊ लागली, तेव्हा मी समोर बघितलं.

बसमध्ये पुढच्या सीटवर बिट्टी आणि रेडिओ. बिट्टीला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, कशावर ते त्यांनाही माहीत नसावं. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला हात उचलला. डावाच उचलला गेला.

शिपाईमामा डब्यांची पिशवी घेऊन आले. "बाई, सरका जरा. एवढी जागा सोडून कडेला का बसलात?"

"इथे नको मामा," मी म्हटलं. "मागे बसा."

आता दिवस बरे चालले आहेत. बिट्टी उजव्या हाताने लिहिते. तिच्याशी हल्ली दोन मुली भांडतातसुद्धा. मी फळ्यावर डाव्या हाताने लिहिते, आणि मोठ्या बाईंना सांगितलंय की मनगट लचकलंय. मुलांना सवय झाली. बाई सांगेपर्यंत जोडी सोडायची नाही, हे जिला मी शिकवलं तिने ते नीट लक्षात ठेवलंय. तिला सोड म्हणायला मी पुन्हा संग्रहालयातल्या त्या वर्गात जाऊन उभी राहिले होते. खोली गोंगाटाने भरलेली होती. आधी त्यांना गप्प करायला हवं होतं, आणि टाळीला दोन हात लागतात.